मालिका संपली, फोन येत नाही: डेली फिक्शनच्या एडिटरनं आता काम शोधायचं कसं?

प्रीकॅप

कामाचं स्वरूप: मराठी डेली मालिकांचं ऑफलाइन (म्हणजे गोष्टीचं मूळ एडिटिंग), दहा वर्षं. सॉफ्टवेअर म्हणाल तर प्रीमियर रोजचं, एव्हिड थोडंफार. आजवरची पद्धत अशी की मालिका संपत आली की त्याच ईपीचा (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा) पुढच्या मालिकेसाठी फोन यायचा. सीव्ही, शोरील (कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ) हे प्रकार लागलेच नाहीत. आता ती साखळी तुटली आहे. ओटीटीवाल्या पोस्ट हाऊसना (शूटनंतरचं एडिटिंग-साउंड करणाऱ्या कंपन्यांना) मेल केले की "लाँग फॉरमॅटचा अनुभव आहे का?" असं विचारतात आणि तिथंच विषय संपतो. महिन्याला वीस-पंचवीस भाग कापणाऱ्याला हा प्रश्न कसा काय?

१) अर्ज करायचा कुणाकडे? २) रीलमध्ये काय टाकायचं? ३) डेलीतल्या कोणत्या सवयी आड येतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

रफकट_लॉक

आधी फोन का थांबला ते बघू. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने आणि रिलायन्सचे टीव्ही-ओटीटी व्यवसाय एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच घरातल्या वाहिन्या. निर्मात्याला पूर्वी जिथं दोन दारं ठोठावता यायची तिथं आता एकच दार आहे. ईपी तुम्हाला विसरलेला नाही, तोही काम शोधतोय. म्हणून त्याच्या फोनची वाट बघणं हा मार्ग धरू नका.

अर्ज करायचा पोस्ट प्रोड्यूसर किंवा पोस्ट सुपरवायझरकडे. वेब मालिकेच्या शेवटच्या श्रेयनामावलीत हे नाव असतं. पाच-सहा मराठी आणि हिंदी मालिकांच्या शेवटच्या पाट्या थांबवून थांबवून वाचा, एका वहीत सुपरवायझर, मुख्य एडिटर, असोसिएट एडिटर अशा तीन रकान्यांत नावं उतरवा. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील, मेल त्यांना. एडिटर्सच्या संघटनेचं, म्हणजे एएफव्हीईचं, सभासदत्व असेल तर कार्ड चालू आहे ना ते आत्ताच बघा. काम मिळाल्यावर धावपळ नको.

"लाँग फॉरमॅट" म्हणजे किती मिनिटं कापली हे त्यांना विचारायचं नसतं. आठ भागांची गोष्ट एकत्र हातात धरून, तिसऱ्या भागातला सीन पहिल्यात नेऊन, पंधरा-वीस आठवडे तेच साहित्य परत परत कापलंय का, हे विचारायचं असतं. डेलीत भाग एकदा टेलिकास्टला गेला की परत उघडत नाही, आणि त्यांची शंका तिथंच आहे. त्यामुळे मुख्य एडिटर म्हणून अर्ज टाकलात तर उत्तर येणार नाही. असोसिएट म्हणून टाका. एक पायरी उतरल्यासारखं वाटेल, पण दारात पाय तिथूनच घालता येतो.

सीव्ही एक पान. मालिकांच्या नावांची जंत्री नको, काम काय केलं ते हवं: "डेली फिक्शन, दोन-तीन कॅमेऱ्यांचं मल्टीकॅम, सुमारे इतके भाग, रशेसपासून टेलिकास्ट मास्टरपर्यंत", म्हणजे न कापलेल्या कच्च्या फुटेजपासून वाहिनीला द्यायच्या अंतिम फाइलपर्यंत. मेलच्या विषयात "कामाच्या शोधात" असं लिहू नका. "असोसिएट एडिटर, प्रीमियर/एव्हिड, अमुक तारखेपासून मोकळा" असं लिहिलं की मेल न उघडताही समोरच्याला कळतं.

रील: फिक्शनसाठी दीड मिनिटाचा धडाधड मोंताज बघून काहीच कळत नाही, तो प्रोमोवाल्यांसाठी. तुम्ही दोन पूर्ण सीन द्या, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे. एक दोघांचा, शांत, आणि एक पाच-सहा माणसांचा, म्हणजे कुणाकडे कधी बघायचं हा निर्णय दिसतो. इंग्रजी सबटायटल चित्रातच पक्के बसवा (बर्न-इन), कारण सुपरवायझर मराठी असेलच असं नाही. प्रक्षेपित झालेलाच भाग वापरा, रशेस अजिबात नाही, आणि लिंक पासवर्डची.

आता डेलीतून आलेल्या रीलमध्ये हमखास होणारी चूक. टेलिकास्ट मास्टर १०८० ५०आय, म्हणजे इंटरलेस्ड असतो, चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं. तो तसाच प्रोग्रेसिव्ह (अख्ख्या फ्रेमच्या) टाइमलाइनवर टाकून फाइल काढली की पात्राने मान वळवली रे वळवली की गालाच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. संगणकाच्या मॉनिटरवर ते लगेच दिसतात. मूळ प्रोजेक्ट असेल तर तिथून २५पी (सेकंदाला २५ अख्ख्या फ्रेम) काढा, नसेल तर आधी डीइंटरलेस करा. हे दात दिसले की पुढचा सीन कुणी बघत नाही.

---

दोन_पॉप

वरच्या प्रतिसादाला +१. तिसऱ्या प्रश्नावर साउंडच्या बाजूने लिहितो, कारण असोसिएटची परीक्षा सीनपेक्षा टर्नओव्हरमध्ये, म्हणजे कापलेला भाग पुढच्या विभागांना सोपवताना होते.

डेलीत एडिटर स्वतःच पार्श्वसंगीत लावतो, धक्क्याचा आवाज टाकतो आणि बहुतेक वेळा सगळं एकाच मिक्सडाउनमध्ये खाली उतरवतो. ओटीटीत टाइमलाइन साउंड आणि डीआय (रंगाचं काम) या दोन वेगळ्या खोल्यांत जाते. तिथं हे चालत नाही. किमान एवढं हाताला हवं:

ट्रॅक वेगळे. संवाद १ ते ४, इफेक्ट ५ ते ८, संगीत ९ ते १२, किंवा ते हाऊस सांगेल तसं. संवादाच्या ट्रॅकवर चुकूनही संगीत नको.

मल्टीकॅम क्लिप आधी फ्लॅटन करा, म्हणजे निवडलेल्या कॅमेऱ्याची साधी क्लिप करा. प्रीमियरमध्ये ती न उलगडता एएएफ (साउंडला द्यायची टाइमलाइनची फाइल) काढली तर साउंडकडे लेपलचा माइक न पोचता कॅमेऱ्याचा स्क्रॅच आवाज पोचण्याची शक्यता असते, आणि कुठल्या खोलीत काय चुकलं हे शोधण्यात दिवस जातो.

एएएफला दोन्ही बाजूंनी किमान दोन सेकंदांचे हँडल (कटच्या पलीकडचा जादा आवाज), म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ५० फ्रेम. हँडल नसले की संवादाची शेपटी कापली जाते आणि डायलॉग एडिटरला श्वास जोडायला जागा राहत नाही.

सोबत टाइमकोड जाळलेला, म्हणजे चित्रावरच छापलेला, रेफरन्स व्हिडिओ. चित्र ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० ला एका फ्रेमचा बीप. तोच दोन-पॉप. शेवटीही एक द्या, मध्येच सिंक सरकलं असेल तर शेवटचा बीप चुगली करतो.

डीआयसाठी एक्सएमएल किंवा ईडीएल (कटांची यादी असलेली फाइल). स्पीड रॅम्प, स्टॅबिलायझर, प्लगइनचे इफेक्ट त्यात धड जात नाहीत. त्यांची टाइमकोडसह वेगळी यादी द्या.

आणखी एक. आवाजाची पातळी प्रत्येक ठिकाणी वेगळी. नेटफ्लिक्स संवादावर मोजून -२७ एलकेएफएस (पातळीचं एकक, लफ्सही तेच) मागतं, दोन इकडेतिकडे. यूट्यूब साधारण -१४ लफ्सच्या वर गेलेलं स्वतःच खाली ओढतं. मिक्स तुम्ही करणार नाही, पण मुलाखतीत हा आकडा विचारला तर डोकं खाजवत बसू नका.

सवयींबद्दल एवढंच, ओटीटीत सगळ्यात आड येणारी सवय: कुणीतरी धक्कादायक वाक्य बोललं की खोलीतल्या सातही जणांचे चेहरे एकेक करून दाखवणं. डेलीत ते बरोबर आहे, प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता बघतो, कुणाला काय वाटलं ते त्याला सांगावं लागतं. भागाची २२ मिनिटंही भरायची असतात. सरावासाठी एडिटस्टॉकसारख्या ठिकाणी परवान्यासह रशेस विकत मिळतात. त्यातला एक सीन घ्या, आधी सवयीने कापा, मग संगीत काढून आणि प्रत्येक रिअॅक्शनला "हा काढला तर काय बिघडतं?" असं विचारून पुन्हा कापा. रीलमध्ये दुसरा कट टाका.

---

प्रीकॅप

दोघांचेही आभार, फ्लॅटनचं माहीत नव्हतं. दरम्यान एक विचारणा आली आहे: मोबाइलवरच्या उभ्या मालिकेची, ६० भाग, प्रत्येकी दीड मिनिट, दर भागाला ठरावीक रक्कम. डेलीच्या दराच्या मानाने भागाचा आकडा फारच छोटा आहे. घ्यावं का? आणि दोन जुनी बिलं अजून अडकली आहेत, त्यावर काही इलाज?

---

उभी_चौकट

भागाचा दर बघू नका, मिनिटाचा काढा. ६० × दीड = ९० मिनिटं, म्हणजे डेलीचे साधारण चार भाग. पण त्या चार भागांत चार शेवट असतात, इथं साठ. साठ वेळा पहिल्या तीन सेकंदांतली पकड, साठ एक्स्पोर्ट, साठ वेळा सबटायटल तपासणी. त्यामुळे मिनिटाचा दर डेलीइतका आला तरी तो कमीच समजा. सबटायटल, ग्राफिक आणि प्रोमोचे तुकडे त्याच रकमेत धरलेत का, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा धरलेले असतात.

शूटिंग कसं झालंय ते आधी विचारा. उभंच शूट असेल तर ठीक. आडवं फुटेज उभं करायचं असेल तर गणित करा: १९२०×१०८० मधून ९:१६ चा तुकडा काढला की रुंदी ६०७ पिक्सेल उरते आणि ती १०८० पर्यंत ताणावी लागते, जवळजवळ पावणेदोन पट. चेहरा मऊ पडतो. ३८४०×२१६० असेल तर १२१५ मिळतात, काम भागतं. शिवाय दोन माणसांची चौकट उभी केली की एकजण बाहेर जातो, म्हणजे प्रत्येक शॉटला हाताने रिफ्रेम. त्याचे पैसे वेगळे.

सबटायटल अगदी तळाला लावू नका, तिथं अॅपची बटणं येतात. ऑटो ट्रान्स्क्रिप्टवर विसंबायचं तर एकदा मालवणी किंवा कोल्हापुरी संवाद त्यातून काढून बघा आणि मग वेळेचा अंदाज द्या.

माझं मत: पहिलं काम घ्या. भाग हुकवर संपवायचं कसब डेलीवाल्याकडे आधीच असतं. ओटीटीच्या असोसिएटला ते मुद्दाम शिकावं लागतं.

---

रफकट_लॉक

उभ्याचौकटींशी अर्धाच सहमत. काम घ्या, पण ओटीटीसाठी पाठवायच्या रीलमध्ये ते टाकू नका. दोन रील ठेवा, दोन लिंका. आणि कामाआधी "टेस्ट" मागितली तर एकच सीन, टाइमकोड जाळलेला, तोही फुकट. तीन अख्खे भाग "टेस्ट" म्हणून मागत असतील तर ते फुकटात भाग कापून घेतायत. नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका.

---

खतावणी

बिलांचं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर जाऊ नका, तसली नक्कल करणारी बरीच आहेत. एनआयसी कोड (व्यवसायाचा वर्गीकरण क्रमांक) ५९१२, चित्रपट-व्हिडिओ-टीव्ही पोस्ट प्रॉडक्शन. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करारात "९० दिवस" छापलेलं असलं तरी ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

निर्मात्याच्या अकाउंट्सला या व्याजापेक्षा दुसरीच गोष्ट टोचते: मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी धरायचं. म्हणून उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा आणि स्मरणपत्र फेब्रुवारीतच पाठवा. मार्च अखेरीला त्यांची वही बंद होत असते, तेव्हा कुणी फोन उचलत नाही.

मुदत काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. डेलीत हार्ड डिस्क ऑफिस बॉयच्या हाती देऊन मोकळं होतात, मग तारीख कशी दाखवणार? प्रत्येक डिलिव्हरीला एक ओळीचा मेल: भाग क्रमांक, फाइलचं नाव, कालावधी, तारीख.

तुमच्या दोन जुन्या बिलांना मात्र याची खात्री देता येणार नाही. मागाहून केलेली नोंदणी आधीच्या कामाला लावायला गेलं की वाद होतो. त्यासाठी संघटनेकडे लेखी तक्रार, सोबत बिलाची प्रत आणि भाग प्रक्षेपित झाल्याच्या तारखा. २६एएस (तुमच्या नावावर भरलेला कर दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) उघडून त्या निर्मात्याने तुमच्या नावाने टीडीएस भरलाय का तेही बघा. टीडीएस भरलेला असेल तर "तुमचं बिल आमच्याकडे आलंच नाही" असं म्हणायला त्याला तोंड राहत नाही.

---

प्रीकॅप

२६एएस बघितलं. एका बिलाचा टीडीएस भरलेला आहे, दुसऱ्याचा नाही. पहिल्याची तक्रार उद्याच देतो. उभ्या मालिकेवाल्यांना फुटेजचं रेझोल्यूशन विचारलं, "एचडी" एवढंच उत्तर आलं.

---

उभी_चौकट

मग एक रशेस क्लिप मागवा आणि आकडा स्वतः बघा. १९२० निघाली तर रिफ्रेमचा दर जोडूनच कोटेशन पाठवा.