हरिश्चंद्रगड: तंबू कोकणकड्यावर की मुक्काम पाचनईत?

घाटवाट: डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आठ जण निघतोय, तिघे अगदी नवखे. खिरेश्वरहून टोलार खिंडीने वर, कोकणकड्यावर सूर्यास्त, तिथेच तंबू. सकाळी तारामती शिखर करून दुसऱ्या बाजूच्या पायथ्याच्या पाचनई गावात उतरायचं. गडावर रात्र काढली नाही तर हरिश्चंद्रगड अर्धाच पाहिला, असं माझं ठाम मत आहे.

सह्यवेडा: कड्यावर तंबू अजिबात नको. कडा आत वळलेला आहे, खालून येणारा वारा त्याला धडकून सरळ वर उसळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिथेच होतो. कातळात खुंट्या रुतेनात म्हणून दोऱ्या दगडांना बांधल्या. रात्री दोनच्या सुमारास एक बाजू उडाली आणि पहाटेपर्यंत चौघे आतून तंबू धरून बसलो. अंधारात लघवीला उठलेला नवखा माणूस कड्याच्या बाजूला गेला तर? पाचनईत घरात झोपा. पहाटे चारला निघालात तर अडीच-तीन तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचाल.

भंडारदऱ्याची: मीही पाचनईच्याच बाजूने. हे अभयारण्य आहे, पण दर सोमवारी शेकोट्यांचे काळे डाग आणि बाटल्या मागे उरतात. केदारेश्वराच्या गुहेतल्या त्या गार पाण्यातही वेष्टनं तरंगताना पाहिली आहेत. शिवलिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उरलाय तिथे, निदान पाणी तरी नीट ठेवूया.

अकोलेकर: माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून वेगळं सांगतो. वर पिठलं-भाकरी देणारे, तंबू भाड्याने लावून देणारे पाचनईचेच लोक आहेत. मुक्काम बंद करा म्हणणं सोपं आहे, पण शनिवारची कमाई त्यांचीच बुडते. वारा कुठे कमी लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? कचऱ्याबद्दल मात्र ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं.

घाटवाट: वाऱ्याचा मुद्दा पटला. तंबू देवळाजवळ, गावकऱ्यांकडूनच घेऊ. पाण्याची टाकीही तिथेच आहेत. सूर्यास्त पाहून उजेड असतानाच कड्यावरून परतू. शेकोटी नाही, कचरा पाठीवर खाली. पण रात्र गडावरच.

सह्यवेडा: मग निदान वाट उलटी करा. टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा आणि पुढच्या त्या न संपणाऱ्या टेकड्या सामान घेऊन नवख्यांना दमवतील, सूर्यास्तही हुकेल. पाचनईने चढा.

घाटवाट: आणि तोच कातळटप्पा दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी उतरवू? चढउतार दोन्ही पाचनईनेच करतो मग. खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर राहील, त्याची हळहळ आहे.