'तू कुठली?' च्या आधी निरोपाचं बघा

दुबई, सिंगापूर करत वाढलेली मुलगी 'तू कुठली?' म्हटलं की गप्प होते. रूथ उसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासातून अशा, म्हणजे आई-वडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांना 'थर्ड कल्चर किड' हे नाव दिलं. माझ्या मते खरी गडबड गाव सोडताना होते. सामान बांधायच्या घाईत निरोपच राहून जातो. महिनाभर आधी सुरुवात करा: रुसलेल्या मैत्रिणीशी बोलणं, शिक्षकांचे, बसच्या ड्रायव्हरकाकांचे आभार, झोपाळ्याचा, खिडकीचाही निरोप, मगच नव्या शहराचा नकाशा. भांडण तसंच राहिलं तर तो सल पुढच्या शाळेत सोबत जातो आणि मूल मैत्री करायचंच टाळतं. 'कुठली?'ला दोन उत्तरं ठरवून द्या, अनोळखी माणसाला एका वाक्याचं, मैत्रिणीला सविस्तर. आणि मुलाची लाडकी फाटकी गोधडी 'तिकडे नवीन घेऊ' म्हणत परस्पर टाकू नका.