मदत हवी आहे: २०० फुटांवरच्या रोलर कोस्टरला आधी कोणाची मंजुरी?

अमेरिकेतल्या उंच रोलर कोस्टरच्या परवानग्यांवर लेख लिहितेय, एका टप्प्यावर अडलेय. विमानवाहतुकीची बाजू कळली. जमिनीपासून २०० फुटांपेक्षा उंच काही बांधायचं तर एफएएला (अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था) सूचना द्यावी लागते, तीही काम सुरू करणं किंवा बांधकाम परवान्याचा अर्ज, यातलं जे आधी असेल त्याच्या किमान ४५ दिवस अगोदर. विमानतळाजवळ कमी उंचीलाही हा नियम लागतो. टोकावरचा दिवा किंवा झेंड्याचा खांबही उंचीत धरतात. म्हणजे न्यू जर्सीतल्या, २०२५ मध्ये पाडलेल्या ४५६ फुटी किंगडा का रोलर कोस्टरसारखं काही असेल तर सुटका नाहीच. पण एफएए फक्त विमानांना धोका आहे का तेवढंच ठरवते, बांधकामाला हो-नाही म्हणायचं काम स्थानिक झोनिंग (जमीन-वापर आणि बांधकामाच्या उंचीचे नियम) मंडळाचं.

नियम आणि अर्जाचा नमुना वाचून झालाय. बातम्यांत उंची-वेगापलीकडे काही मिळत नाही. ब्रिटनमधलं ऑल्टन टॉवर्स थीम पार्क (झाडांच्या वर जायला बंदी, म्हणून खाली खणलं) माहीत आहे, सध्या फक्त अमेरिकेचं हवंय.

मंडळ उंचीची सूट देताना एफएएचा निकाल येईपर्यंत थांबतं, की त्या अटीवर आधीच मंजुरी देऊन टाकतं? अशी फाइल प्रत्यक्ष हाताळलेलं कोणी आहे का इथे?