अनुभव धागा : दुसरा कंट्रोलर कुठून आणलात?

नमस्कार मंडळी. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने पुण्याहून माझा मावसभाऊ आला होता. चार दिवस मुक्काम. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं एका पलंगावर मांडी घालून मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओ गेम खेळायचो, म्हणून या वेळी तो यायच्या आधी दुसरा कंट्रोलर (हातात धरून गेम खेळायचं बटणांचं यंत्र) आणून ठेवायचा असं मी ठरवलं होतं. नवी पेठेत तीन दुकानं फिरले. भाव सहा हजारांच्या पुढे. तशीच परत आले. पहिले दोन दिवस आम्ही एकच कंट्रोलर आलटूनपालटून वापरला. तो खेळायचा तेव्हा मी बघत बसायचे, आणि माझी पाळी आली की तो खिशातून मोबाइल काढायचा. दुसऱ्या रात्रीनंतर टीव्ही लावलाच नाही.

माझं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, सोनीचं प्लेस्टेशन ५, पहिल्या लॉटमधलं आहे. भारतात ते फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सुटा कंट्रोलर ५,९९० ला. खोक्यात कंट्रोलर एकच. त्या वर्षी घरात आईचं ऑपरेशन होतं, म्हणून दुसरा पुढे बघू म्हटलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्सोल ५४,९९० झालं, त्याची सगळीकडे चर्चा झाली. पण चार्जिंग स्टँड, हेडसेट, कॅमेरा, सुटा कंट्रोलर या सगळ्यावर मिळून किती जातात, याचा हिशोब कोणी मांडत नाही. माझ्या मते खरा खर्च तिथेच आहे. कन्सोल आपण एकदाच घेतो, हातातली वस्तू मात्र झिजते.

भाव का चढतात तेही थोडं शोधलं. २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. व्हिडिओ गेमच्या सामानावरची कस्टम ड्युटी २०१८ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्के झाली. कन्सोलवरचा जीएसटी २०१९ पासून २८ चा १८ झाला हे खरं, पण आयात मालावर तो ड्युटी धरून झालेल्या रकमेवर लागतो. आणि वाढ फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर २०१३ मध्ये ६० डॉलरला आला, ५ चा २०२० मध्ये ७० ला, पुढे तो ७५ झाला. निन्टेन्डो कंपनीने तर २०२५ मध्ये स्विच २ या आपल्या कन्सोलचा प्रो कंट्रोलर ८० डॉलरला जाहीर केला आणि बुकिंग सुरू व्हायच्या आधीच ८५ केला.

तर सोलापूरकरांनो, तुमच्या घरी दुसरा कंट्रोलर आहे का? कसा आणलात? बिघडला तेव्हा काय केलंत? सविस्तर लिहा. मी सगळं वाचणार आहे.

रेल्वे लाईन्स, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, आमच्या रूमवर चौघांत एक कन्सोल आहे, तेही सेकंडहँड. कंट्रोलर ज्याचा त्याने आणायचा असा पहिल्या दिवसापासून नियम आहे. दिवाळीला घरी जाताना प्रत्येक जण आपापला बॅगेत घालून नेतो. बार्शीचा एक मित्र आहे, त्याच्याकडे स्वतःचा नाही. त्याला आम्ही कधी नाही म्हणत नाही, पण तो स्वतःहून मागत नाही. बाजूला बसून स्कोर सांगतो. तुमचं वाचलं आणि पहिला तोच आठवला.

अशोक चौकाजवळ गेम झोन चालवणारा

ताई, माझं छोटं गेम झोन आहे. चार टीव्ही, चार कन्सोल, आठ कंट्रोलर. म्हणजे कधीकाळी आठ होते. आज व्यवस्थित चालणारे पाच आहेत.

माझ्याकडे येणारी पोरं म्हणजे कोणाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात, कोणाची आई विड्या वळते. तासाला ५० रुपये घेतो, दोघांत २५-२५. "हारला की दे बे" हे दिवसातून शंभरदा ऐकतो. एकट्याने खेळायला कोणी येतच नाही. त्यामुळे एक कंट्रोलर गेला की माझा अख्खा टीव्ही बंद पडल्यासारखा होतो.

कंट्रोलर जातो कशाने ते सांगतो, कारण लोकांना वाटतं पोरं आपटतात. आपटण्याने फार कमी जातात. जातो तो स्टिकमुळे. अंगठ्याखालच्या प्रत्येक स्टिकला दोन पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारे छोटे भाग) असतात, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. कंट्रोलरला मिळून चार. आत कार्बनची पातळ पट्टी असते आणि तिच्यावर धातूची बारीक जीभ घासत राहते. रोज सात-आठ तास घासली की पट्टी झिजते, मग तुम्ही हात लावला नाही तरी खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. आमच्या भागात त्यात आणखी एक भर आहे. आजूबाजूला माग चालतात, हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. खोललेल्या कंट्रोलरमध्ये स्टिकच्या बुडाशी पांढरी गादी जमलेली असते, चिमट्याने ओढली की वातीसारखी निघते.

आधी मी दुरुस्तीला बाहेर द्यायचो, एका कंट्रोलरला आठशे-हजार जायचे. मग स्वतः शिकलो. स्टिकचा अख्खा भाग बोर्डवरून काढायचा म्हणजे १४ ठिकाणचं सोल्डर ओढून घ्यावं लागतं. पहिल्या प्रयत्नात बोर्डच जाळला, सहा हजार गेले. रात्री दुकान बंद करून तासभर तसाच बसलो होतो, घरी सांगायचं धाडस होईना. आता एक बदलायला ४० मिनिटं लागतात. हल्ली मी हॉल इफेक्टवालेच भाग बसवतो. त्यात लोहचुंबक आणि सेन्सर असतो, घासाघीस नाही, त्यामुळे ती झीजच होत नाही. बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकची मधली जागा पुन्हा जुळवून घेणं, करावं लागतं, ते विसरू नका.

तासाचा दर मी ५० चा ६० केला नाही अजून. केला तर ही पोरं येणार नाहीत, हे मला माहीत आहे.

विजापूर रोड, शिक्षिका

मला यातलं काही कळत नाही, पण मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहिते. आमच्याकडे याला रिमोटच म्हणतात. दीड वर्षापूर्वी त्याचा रिमोट बिघडला. तो सांगत होता, "आई, मी काही केलं नाही, आपोआप सरकतंय." मी विश्वास ठेवला नाही. एवढी महाग वस्तू, आपटली असणार म्हणून दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. वॉरंटी होती म्हणून दुकानदाराने पाठवायला सांगितलं. आपल्या गावात सोय नाही म्हणून कुरिअर करावं लागलं. पाच आठवड्यांनी आला तो तसाच, वर चिठ्ठी, "वापरातील झीज".

वर गेम झोनवाल्या दादांनी लिहिलंय ते वाचल्यावर मी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि माफी मागितली. दादा, एक विचारू का? चौदा वर्षांच्या मुलाला सोल्डरिंग शिकवाल का? मी सोबत येऊन बसेन.

गेम झोन चालवणारा

मॅडम, पाठवा की ओ. मंगळवारी दुपारी गर्दी नसते. आधी जुन्या फुटक्या बोर्डावर हात बसू दे.

चाटी गल्ली, वय ४७

१९९३-९४ ची गोष्ट. गड्ड्यावरून वडिलांनी टीव्ही गेम आणला होता. जपानमध्ये १९८३ ला निघालेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला पुढे कळलं. मूळ फॅमिकॉमला दोन कंट्रोलर वायरीसकट मशीनलाच जोडलेले असायचे. आमच्या नकलेच्या खोक्यातही दोन होते, वर एक पिवळी बंदूक. दुसरा कंट्रोलर वेगळा विकत घ्यायचा असतो ही कल्पनाच आम्हाला नव्हती. वाड्यातली अकरा पोरं होतो, दोघं खेळायची, नऊ मागे उभी. वायर ओढली की मशीन लाकडी स्टुलावरून खाली यायचं, म्हणून एकाने मशीन धरून बसायचं. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं आणि मला ते आवडायचं.

आज कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन, स्पीकर, टचपॅड, बोटाला अडवणारे ट्रिगर असं सगळं कोंबलंय, म्हणून तो महाग, हे मला पटतं. पण मग साधा, दोन स्टिक आणि बटणांचा, अर्ध्या किमतीचा कंट्रोलर कन्सोल बनवणाऱ्यानेच का काढू नये? माझ्या मुलीला मैत्रिणीबरोबर खेळायला तेवढा पुष्कळ आहे.

जुळे सोलापूर, बँकेत नोकरी

कंट्रोलर नाही, स्टिअरिंगची गोष्ट सांगतो. बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. तुळजापूर, लातूर, गाणगापूर, सगळे रस्ते पाठ. निवृत्तीनंतर मोतीबिंदू आणि गुडघे, त्यामुळे गाडी सुटली. एकदा मी ट्रक चालवायचा गेम लावला होता. ते मागून बघत होते आणि वळणावर त्यांचा डावा हात हवेत गिअर शोधत होता. तो हात बघितल्यावर मी स्टिअरिंगचे भाव काढले. पेडलसकट सेट ३० हजारांच्या घरात, गिअरची दांडी वेगळी विकत. इतके पैसे एका खेळण्यावर घालायला मन धजेना.

शेवटी पुण्यातल्या एका मुलाने जुनं काढलं, १२ हजारांना. हुतात्मा एक्सप्रेसने गेलो आणि संध्याकाळी त्याच गाडीने मांडीवर ठेवून घेऊन आलो. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे फिरतं. बाबांनी पहिल्यांदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हलकं आहे रे, पण खोटं नाही." आता रोज जेवण झालं की एक फेरी होते. आरसे बघितल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

विजापूर नाक्याजवळ, स्पेअरपार्टचं दुकान

थोडक्यात लिहितो. ऑनलाइन १,८०० ला "ओरिजिनल" कंट्रोलर मिळाला म्हणून घेतला होता. हातात घेतल्याबरोबर हलका लागला. कंपनाची मोटर भुंग्यासारखी वाजायची, तीन आठवड्यांत चार्ज होणं बंद. भाव फारच कमी दिसला तर घेऊ नका. वायरवाला साधा, दुसऱ्या कंपनीचा पण खऱ्या नावाने विकला जाणारा त्यापेक्षा बरा. आणि आपल्या कन्सोलला चालतो का ते आधी नक्की विचारा. मागच्या पिढीचा कंट्रोलर नव्या गेमला चालेलच असं नाही. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर ५ वर लावला तर फक्त ४ चे गेम खेळता येतात.

साखर पेठ

सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाची उजव्या हाताची तीन बोटं सहा वर्षांपूर्वी मागात गेली. त्याच्या आधी तो आमच्या गल्लीत फुटबॉलच्या गेममध्ये कोणाला ऐकत नव्हता. अपघातानंतर त्याने कंट्रोलर कपाटात ठेवला तो ठेवलाच.

अशा लोकांसाठी वेगळे कंट्रोलर निघालेत हे मला गेल्या वर्षी कळलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचा 'अॅडॅप्टिव्ह' कंट्रोलर २०१८ मध्ये आला, १०० डॉलरला. त्याच्या पाठीमागे १९ भोकं आहेत, प्रत्येकात बाहेरून एकेक बटण जोडायचं. मोठं बटण, पायाने दाबायचं बटण, जे जमेल ते. पण ती बटणं सुटी घ्यावी लागतात आणि दोन-चार घेतली की मूळ कंट्रोलरइतके पैसे होतात. प्लेस्टेशनचा 'अॅक्सेस' कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, ९० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने आठ हजारांवर, ड्युटी आणि कुरिअर वेगळं. आमचं घर टॉवेलच्या मजुरीवर चालतं. बाकीच्यांना कंट्रोलर महाग पडतो, तर ज्याला साधा चालतच नाही त्याला किती पडत असेल, हे कोणीतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं. भावाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आशा लावून पुन्हा नाही म्हणणं मला जमणार नाही.

धागाकर्ती

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझा प्रश्न पाहुण्यापुरता होता. गेम झोनवाले दादा, यावर तुमच्या हाताने काही होईल का? सुट्या भागांचे पैसे मी देते, त्यावर कृपया वाद घालू नका.

गेम झोन चालवणारा

होईल. माझ्याकडे स्टिक गेलेले तीन कंट्रोलर पडून आहेत, पण त्यांची बटणं चांगली आहेत. बोर्डवर प्रत्येक बटणाचे ठिपके असतात, तिथून वायर काढून बाहेर मोठं बटण लावता येतं. शेगडीच्या आकाराची लाकडी पाटी करू. डाव्या हाताला स्टिक राहील, उजवीकडची चार बटणं तळहाताने दाबता येतील एवढी मोठी ठेवू, आणि पळायचं बटण पायाखाली. बटणांमध्ये अंतर किती ठेवायचं ते मात्र तुमच्या भावाचा हात बघितल्याशिवाय कळणार नाही. त्याला कशासाठी ते सांगू नका, नुसता सोबत आणा. रविवारी सकाळी दहाच्या आत या, तोवर पोरं येत नाहीत.