आईचं गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करावं का? लवकर सांगा

अनघा_नाशिक
आईच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली उशी) फाटली आहे असं आलंय. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने साफ करून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. शुक्रवारची तारीख दिली आहे, उद्या अ‍ॅडव्हान्स भरायचाय. बाबा म्हणतात उरकून टाका, मामा म्हणतो अजिबात हात लावू देऊ नका. कुणाच्या घरी झालंय का? फरक पडला का? नुसतं ‘दुसरं मत घ्या’ नको, त्यासाठीच इथे लिहितेय.

रानवाटा
आईचं वय? गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी की बाहेरच्या? पडल्या होत्या का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, कसं सांगणार?

तांबडा_पांढरा
बिनधास्त करा. पुतण्याचा गुडघा कबड्डीत असा अडकला की पाय सरळच होईना. दुर्बिणीने केलं, आता परत मैदानात उतरतो.

रानवाटा
पुतण्या किती वर्षांचा?

तांबडा_पांढरा
२२. पण गादी ती गादीच ना?

माईआजी
निर्गुंडीचा पाला गरम करून बांधा, वरून तिळाचं तेल. माझं त्याने थांबलं. आणि घरात कमोड नसेल तर आधी बसवून घ्या.

गोदाकाठ
कॅशलेस असेल तर कंपनीची मंजुरी आधी हातात घ्या. आमच्याकडे डिस्चार्जच्या दिवशी वरचे पैसे मागितले.

अनघा_नाशिक
पैशांचा प्रश्नच नाहीये. वय ५७, उजवा गुडघा, पडली वगैरे नाही. जिना उतरताना आणि खाली बसून उठताना दुखतं. आता मूळ प्रश्नाचं बघा ना कुणीतरी.

अस्थिबंध
ऑर्थोचा (हाडांच्या विभागाचा) रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर आहे. अनघाताई, आईंचा गुडघा मी तपासलेला नाही हे धरून वाचा.

एमआरआयवर फाट दिसली म्हणजे दुखणं तिथूनच येतंय असं होत नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅममधल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, तो अभ्यास २००८ साली आला. दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हेत, सरसकट निवडलेली माणसं. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. पन्नाशीतल्या बायकांमध्येही साधारण पाचातल्या एकीला फाट होती.

फिनलंडचा २०१३ चा अभ्यास त्याच्या पुढचा. १४६ रुग्ण, वय ३५ ते ६५, आतल्या गादीची झिजेची फाट, पण सांधा झिजलेला नाही. रुग्ण टेबलावर, दुर्बीण आत घालून झाली, मग कुणाचं कापायचं ते ठरवणारं बंद पाकीट उघडायचं. निम्म्यांची फाटलेली कड कापली. बाकीच्यांत काहीच कापलं नाही, पण हत्यारं मागायची, सक्शन चालू ठेवायचं, वेळही तेवढाच घालवायचा. रुग्णाला पत्ता नाही. वर्षभराने दोन्हीकडचे रुग्ण सुधारले होते, आणि जवळपास सारखेच. मी तो पेपर वाचला तेव्हा आमच्या ओपीडीतल्या कितीतरी बायका डोळ्यांसमोर आल्या.

तांबडा_पांढरा
फिनलंडची माणसं मांडी घालून जेवतात का? उकिडवी बसतात का? तिकडचे आकडे आपल्या आयांना लावू नका. आणि उपयोग नसता तर एवढे डॉक्टर करतात कशाला?

स्नेहल_फिजिओ
दादा, तुमच्या पुतण्याचा गुडघा खरोखर अडकला होता, त्याला ऑपरेशन योग्यच. पण ५७ व्या वर्षीची झिजेची फाट वेगळी. नॉर्वेत १४० रुग्णांवर व्यायाम विरुद्ध ऑपरेशन अशी तुलना झाली, २०१६ साली छापून आली. १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखे. सुरुवातीचे काही महिने तर मांडीची ताकद व्यायामवाल्यांचीच जास्त. सगळ्यांनी आधी व्यायामच करावा, विषय संपला.

अस्थिबंध
विषय इतका सहज संपत नाही, स्नेहल. अमेरिकेतल्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत फिजिओच्या गटातले ३० टक्के सहा महिन्यांत ऑपरेशनकडे वळले. व्यायाम आधी, हे मान्य. पण काहींना तेवढ्याने भागत नाही, हेही सांगायला हवं.

दादा, खाली बसण्याचा मुद्दा रास्त आहे. आतली गादी सांध्याच्या कॅप्सूलला (भोवतालच्या आवरणाला) आणि आतल्या बाजूच्या लिगामेंटला (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याला) घट्ट जोडलेली असते, बाहेरचीसारखी सरकत नाही. गुडघा पूर्ण दुमडला की बराचसा दाब तिच्या मागच्या टोकावर. म्हणूनच फाट बहुतेक वेळा तिथे. पण त्यावरून ऑपरेशन करा असं निघत नाही. गादीला रक्त फक्त बाहेरच्या कडेला मिळतं, आतला भाग शिवला तरी नीट जुळत नाही, म्हणून तो कापून काढतात. कापलेलं परत उगवत नाही आणि तेवढा भार हाडावरच्या कूर्चेवर (गुळगुळीत अस्तरावर) येतो.

अनघाताई, एकच महत्त्वाचं. रिपोर्टमध्ये ‘रूट’ असा शब्द आहे का? आणि आईंना उठताना एकदम ‘कट्’ असा आवाज येऊन दुखायला लागलं होतं का? गादीचं मूळच हाडापासून सुटलं असेल तर वरचे अभ्यास लागू नाहीत, लवकर निर्णय लागतो.

अनघा_नाशिक
रिपोर्ट समोर आहे. ‘मीडियल मेनिस्कस पोस्टेरियर हॉर्न, हॉरिझॉन्टल टेअर, ग्रेड ३. रूट इंटॅक्ट.’ आवाज वगैरे काही नाही, हळूहळू वाढलं. गुडघा पूर्ण सरळ होतो.

अस्थिबंध
म्हणजे आतल्या गादीच्या मागच्या टोकाला आडवी फाट, मूळ शाबूत. मग घाई कसलीच नाही. ‘ग्रेड ३’ला घाबरू नका, फाट गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली आहे एवढाच त्याचा अर्थ. उभं राहून एक्स-रे काढला होता?

अनघा_नाशिक
एक्स-रे काढलाच नाही, थेट एमआरआय.

अस्थिबंध
आधी तो काढा. दोन्ही गुडघे, उभं राहूनच. झोपून काढला की सांध्यातली जागा किती कमी झाली ते नीट कळत नाही. सांधाच झिजला असेल तर नुसती गादी साफ करून काय होणार? बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये तज्ज्ञ, फिजिओ आणि रुग्णांचं मंडळ बसवून झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनविरुद्ध ठाम शिफारस केली आहे. डॉक्टरांना विचारा, तीन महिने व्यायाम करून पाहिला तर काही बिघडेल का. गुडघा अडकून सरळच होईना झाला, तर मात्र थांबू नका.

स्नेहल_फिजिओ
व्यायाम यूट्यूब बघून नको. कुणाकडे तरी जाऊन मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू तपासून घ्या. जिना उतरताना दुखतं ना, मग पहिले काही दिवस उतरायचे व्यायाम देणार नाहीत.

अनघा_नाशिक
अ‍ॅडव्हान्स भरत नाही. उद्या एक्स-रे. बाबांना अस्थिबंध यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, ‘मग शुक्रवारी जायचं नाही का’ असं तीनदा विचारलं त्यांनी.

माईआजी
कमोडचं विसरू नका.

पाऊसवेळ
याच धाग्यावर विचारतो. बायकोच्या रिपोर्टमध्ये ‘रूट टेअर’ लिहिलंय, वय ४९, पायऱ्या चढताना एकदम आवाज झाला होता. डॉक्टर शिवायचं म्हणतात. अस्थिबंध, आहात का?