शब्दचर्चा: चित्रातल्या किल्ल्याचा ‘गेटवे’

प्रश्न : पॉल सँडबी (१७३१–१८०९) या इंग्रज चित्रकाराने विंडसर किल्ल्याचा ‘आठव्या हेन्रीचा गेटवे’ जलरंगात रंगवला आहे. त्या चित्रावर मराठीत टिपण लिहिते आहे. प्रवेशद्वार म्हणू, वेस म्हणू की गोमुखी दरवाजा? दोन बाजूंना बुरूज आहेत म्हणून विचारते.

उत्तर १ : ताई, महादरवाजा म्हणा. प्रवेशद्वार हल्ली मंगल कार्यालयालाही असतं, त्या शब्दाने बुरूज डोळ्यांपुढे येत नाहीत. वेस गावाची, किल्ल्याची नव्हे. आणि गोमुखी तर नकोच. गोमुखी म्हणजे बुरुजांच्या आड दडवलेला दरवाजा, जसा रायगडाचा महादरवाजा. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, हीच त्या रचनेतली युक्ती. विंडसरचा हा दरवाजा १५११ सालचा, शहराकडे सरळ तोंड करून उभा. राजाचा रुबाब लोकांना दिसावा म्हणूनच तो तसा बांधला. बुरूज दोन्हीकडे आहेत, पण काम वेगळं.

कमानीवरचं कोरीवकामही नीट पाहा. हेन्रीच्या घराण्याचं चिन्ह असलेल्या ट्यूडर गुलाबासोबत तिथे डाळिंब आहे. डाळिंब हे हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन हिचं चिन्ह. १५०९मध्ये लग्न झालं, १५३३मध्ये ते रद्द ठरवलं गेलं, डाळिंब मात्र दगडात राहिलं. टिपणात हे यायलाच हवं.

उत्तर २ : महादरवाजाला माझंही अनुमोदन. तटावरच्या दातेरी कडेला ‘चर्या’ म्हणा, ‘कंगोरे’ नको. ‘देवडी’ जपून वापरा. देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांची बसायची जागा. चित्रात नुसता कमानीखालचा अंधार दिसत असेल तर ‘कमानीखालची वाट’ पुरे.

आणखी एक. सँडबी पारदर्शक रंगात काम करायचा तसा अपारदर्शक रंगातही. उन्हातल्या दगडाची कड बघा : तिथे कागदच कोरा सोडला असेल तर नुसतं ‘जलरंग’ लिहा, वरून पांढरा रंग चढवला असेल तर ‘अपारदर्शक जलरंग’. तरुणपणी त्याने स्कॉटलंडच्या लष्करी सर्वेक्षणात नकाशे काढले होते, त्यामुळे इमारतीच्या मांडणीकडे त्याचं लक्ष असतं. तरी झाडं, माणसं, सावल्या चित्रकार आपल्या सोयीने बसवतो. त्यांच्यावरून ‘तेव्हा इथे असंच होतं’ असं ठामपणे लिहू नका. ‘चित्रात असं दाखवलं आहे’ एवढंच म्हणा.