शब्दचर्चा : खेळातल्या ‘टर्न’ला काय म्हणावं? पाळी, डाव, चाल की बारी?

कुळागर (साखळी)

फावल्या वेळात मी संगणकावर ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ खेळतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांतला मी नव्हे. रात्री जेवणं आटोपली की तासभर, तेवढंच. या खेळाबद्दल मराठीत लिहायचं आहे आणि पहिल्याच वाक्यात ‘टर्न-बेस्ड टॅक्टिकल स्ट्रॅटेजी’ हे लांबलचक नाव आडवं येतं. ‘वळण-आधारित’ हे भाषांतर मला मुळीच मान्य नाही. वळण रस्त्याला असतं, अक्षराला असतं, मुलांना लावायचं असतं. खेळात एकाने खेळून दुसऱ्याला संधी देणं याला मराठी माणूस वळण कधीच म्हणत नाही. मग काय म्हणतो, ते इथे एकदा नीट मांडू या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डेव्हिड व्हाइट यांनी तो २००३ साली सुरू केला. फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही उघडून पाहता येतो, जुन्या संगणकावरही चालतो. पट षट्कोनी घरांचा. आपण आपली माणसं एकेक करून हलवायची, शत्रूला भिडलेल्यांनी वार करायचे, आणि आपलं झालं असं सांगितलं की मग समोरच्याची माणसं हलू लागतात. एकट्याने मोहीम खेळताना घड्याळ मागे लागलेलं नसतं. एका घरासाठी दहा मिनिटं विचार केला तरी चालतो. मला हे फार मोलाचं वाटतं. जिथे बोटांचा वेग लागतो तिथे विशीतला मुलगा माझ्यापुढे जाणारच. इथे निकाल लागतो तो डोकं किती शांत ठेवलं यावर.

आता ‘टर्न’. ‘आता तुझा टर्न’ यातला टर्न म्हणजे पाळी. पण पडद्यावर वरच्या कोपऱ्यात सोळांपैकी पाचवा टर्न असं दिसतं, तिथे दोन्ही बाजूंचं खेळून झालेलं असतं, म्हणून ती फेरी. आणि एका सैनिकाला इथून तिथे नेलं ती चाल. डाव हा शब्द मी या तिघांसाठीही वापरणार नाही. डाव म्हणजे मांडल्यापासून निकालापर्यंतचा सगळा खेळ: डाव मांडला, डाव रंगला, डाव उधळला. पाळीएवढ्या लहान गोष्टीला तो फार मोठा पडतो.

‘टॅक्टिकल’ आणि ‘स्ट्रॅटेजी’ या दोन्हींना वर्तमानपत्रांत सर्रास ‘रणनीती’ लिहितात. तेही सोडायला हवं. या मोहिमेत सोनं किती खर्चायचं, कुठले सैनिक भरती करायचे, कुणाला जपून पुढच्या लढाईसाठी राखायचं, ही रणनीती. आणि डावपेच म्हणजे हे बघा: नदीच्या काठावर एक वाडी आहे. माझा भालाईत त्या वाडीत उभा केला तर त्याच्यावर होणारे १०० तले ४० वारच लागतात. त्याच्यावर चालून येणारा ऑर्क (शत्रूकडचा राक्षसासारखा सैनिक) उथळ पाण्यात उभा राहिला तर त्याला माझे ८० लागतात. वाडीत राहिलेल्याच्या जखमाही प्रत्येक फेरीला भरत जातात. तोच भालाईत उतावीळपणे एक घर पुढे सरकून पाण्यात गेला की सगळे आकडे उलटतात. एका घराचा फरक, आणि लढाई फिरते. या खेळावर माझं इतकं मन बसलंय ते या एका घरासाठी.

माझा प्रस्ताव असा: या प्रकाराला ‘आळीपाळीचे डावपेची खेळ’ म्हणावं. मतं सांगा.

अबोली (फोंडा)

कुळागर बाब, ‘वळण’ला विरोध आहे त्यात मी तुमच्यासोबत. रणनीती आणि डावपेच यांतला फरकही पटला.

एकट्या ‘पाळी’बद्दल मात्र विचार व्हावा. मला त्या शब्दाचा संकोच वाटतो म्हणून हे म्हणत नाही. मुद्दा लेखनाचा आहे. ‘माझी पाळी चुकली’ असं खेळाच्या वर्णनात लिहिलं तर वाचणारी आधी दुसराच अर्थ घेणार आणि मग मागे येऊन वाक्य परत वाचणार. रात्रपाळी, आळीपाळी, पाळीपाळीने यांत ही अडचण येत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ बांधून ठेवतो. तेव्हा जोडून आला तर पाळी, सुटा आला तर दुसरा काहीतरी शब्द, असं करता येईल का?

मी स्वतः ‘इन्टू द ब्रीच’ खेळते, २०१८ चा. पट ८ बाय ८, बुद्धिबळाएवढाच, आणि हाताशी तीन यंत्रमानव. त्यात शत्रू पुढे कुठे वार करणार हे तुमची पाळी सुरू होण्याआधीच पटावर उघड दिसतं. त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, माझ्या मनात शब्द येतो ‘मनसुबा’. शत्रूचा मनसुबा कळलेला आहे, आता त्याला ढकलून असा वळवायचा की त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर पडेल. माझ्या मते डावपेची खेळांत याच्याइतका स्वच्छ खेळ दुसरा नाही. हरलं तर चूक आपलीच असते, दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही.

टाळकरी (पेडणे)

सुट्या शब्दाची चिंता कशाला? आमच्याकडे तो रोज बोलण्यात आहे: बारी.

डबलबारीची भजनं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना समजावून सांगायला नको. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एका बुवाची बारी चालू असते तेव्हा दुसरा मध्ये तोंड उघडत नाही. रूपावली, अभंग, गवळण, गजर, जे मांडायचं ते तो मांडतो. दुसरा ऐकतो, कोड्याची उत्तरं मनात जुळवतो, पखवाजवाल्याच्या कानात काहीतरी सांगतो, आणि स्वतःची बारी आली की जबाब देतो. पहिल्याने टाकलेल्या पेचाला उत्तर न देता भलतंच गायला लागला तर समोर बसलेले लोक लगेच ओळखतात. पेडण्यापासून पलीकडे सावंतवाडी-कुडाळपर्यंत लोक अशा बाऱ्या रात्र रात्र ऐकतात.

माझा पुतण्या मोबाइलवर असले खेळ खेळतो आणि ‘टर्न सोंपलो’ म्हणतो. त्याला म्हटलं, ‘बारी सोंपली’ म्हण. एका दिवसात तोंडात बसलं. ‘बारीचे खेळ’ म्हणा, ‘बारीबारीने खेळायचे’ म्हणा. नवीन काही घडवायला नको.

चौसष्ट घरं (मडगाव)

‘बारी’ कानाला गोड आहे, पण देशावरचा वाचक ती हिंदीतली समजेल आणि आम्ही गोव्याचे लोक हिंदी मिसळतो असा शेरा मारेल. याला उत्तर तयार ठेवा.

मी बुद्धिबळाकडून बोलतो. बुद्धिबळ हाच मूळचा असा खेळ, आणि त्याची मराठी परिभाषा पक्की आहे. पटावरच्या चौकोनाला आपण घर म्हणतो. घोडा अडीच घरं जातो हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. प्यादे, वजीर, शह, मात हे फारसीतून आले आणि आता त्यांना परके म्हणायची कुणाची छाती नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला, तेव्हा गावोगावी लोक चाल, शह, बरोबरी याच शब्दांत त्यावर बोलत होते. ‘टाइल’ किंवा ‘हेक्स’साठी कुळागर बाबांनी ‘घर’ लिहिलं ते म्हणूनच अगदी योग्य.

‘चाल’बद्दल एक भर. चाल म्हणजे सोंगटी हलवणं, आणि चाल करून जाणं म्हणजे हल्ला. या खेळांत सैनिक हलतो तो बहुतेक वेळा भिडायलाच. दोन्ही अर्थ एका शब्दात मिळतात. ‘खेळी’ मात्र नको. राजकारणाच्या बातम्यांनी तो शब्द कपटाकडे ओढला आहे.

कुळागर (साखळी)

टाळकरी बाब, ‘बारी’ मला आवडली, मनापासून. ज्या शब्दामागे ऐकणं आणि जबाब देणं आहे तो या खेळाला ‘पाळी’पेक्षाही जवळचा. हिंदीत आहे म्हणून आपण आपला वापरातला शब्द टाकायचा, हे मला पटत नाही. मी सुटा शब्द ‘बारी’ लिहीन आणि जोडशब्दात ‘आळीपाळी’ ठेवीन. अबोलीताईंची अडचणही यातून सुटते.

‘मनसुबा’ आजपासून माझा.

आता ज्यावर खेळणारे सगळ्यात जास्त तक्रार करतात ते नशीब. वेसनॉथमधला जादूगार कुठल्याही जमिनीवर १०० तले ७० वार लावतोच, आणि एका बारीत तीन वार करतो. तिन्ही हुकण्याची शक्यता १०० त ३ सुद्धा नाही. पण तेवढी असते, आणि नेमक्या नको त्या वेळी तसं घडतं. ‘एक्सकॉम’ या परग्रहवाल्यांशी लढायच्या खेळातल्यांचंही हेच गाऱ्हाणं: ९५ टक्के दाखवलं आणि गोळी बाजूने गेली. याला ‘यादृच्छिक संख्या’ म्हणून लिहिलेलं वाचवत नाही. सारीपाटाचा शब्द आहे ‘दान’. मनासारखं दान पडलं, उलटं दान पडलं. यंत्राच्या आत फिरणाऱ्या आकड्याला यापेक्षा नेमकं काय म्हणणार? आणि जो खेळाडू वाईट दान पडेल हे धरून दुसऱ्या सैनिकाला मागे तयार ठेवतो, तो चांगला खेळाडू. दानावर चिडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

‘एक्सकॉम’चा विषय निघालाच आहे तर: त्यात सैनिक भिंतीआड, गाडीआड उभे करावे लागतात. त्याला ‘आवरण’ लिहू नये. आपण पावसात उभे राहतो तो आडोसा. अर्धा आडोसा, पुरता आडोसा. आणि सैनिकाने आपली बारी राखून ठेवून समोर कुणी हललं की गोळी झाडणं, त्याला मी ‘टपून बसणं’ म्हणतो.

ओहोटी (जुवे)

वेसनॉथमधल्या दिवस-रात्रीवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि मग रात्रीचे दोन भाग, अशा सहा फेऱ्यांचा एक दिवस. माणसांचं सैन्य दिवसा पाव हिश्श्याने जोरात, रात्री तेवढंच कमजोर. ऑर्कांचं नेमकं उलट. भालाईताचा वार मुळात ७ चा, तो दिवसा ९ चा होतो आणि रात्री ५ चा. ऑर्काचा ९ चा वार दिवसा ७ वर येतो, रात्री ११ वर जातो. म्हणजे संध्याकाळ झाली की पुढे गेलेल्यांना मागे घ्यायचं, वाडीत, गढीत शिरायचं आणि उजाडेपर्यंत तग धरायचा.

रात्रीच्या त्या दोन भागांना खेळात पहारा या अर्थाचा शब्द आहे. काही जण म्हणतील ‘प्रहर’ लिहा. पण प्रहर आठ, आणि इथे दिवसाचे भाग सहाच. मी ‘पहिला पहारा, दुसरा पहारा’ लिहीन. प्रहर आणि पहारा एकाच मुळाचे, त्यामुळे काही गमावत नाही.

आमच्या बेटावर राहणाऱ्याला वेळ आणि जमीन वेगळी सांगावी लागत नाही. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांनी पोर्तुगीजांकडून जुव्याचा किल्ला घेतला तो रात्री, ओहोटीला नदी उतरून. पाणी चढलेलं असतं तर तेच घर ओलांडता आलं नसतं. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्व्होर दुसऱ्या दिवशी फौज घेऊन आला आणि जखमी होऊन परतला. वेसनॉथ खेळताना नदीवरचा उतार दिसला की मी आधी बघतो, आता दिवसाची कुठली फेरी चालू आहे. या सोयीला ‘काळवेळेचा जोर’ म्हणावं असं सुचवतो.

अबोली (फोंडा)

‘काळवेळेचा जोर’ चांगला आहे. पटावर दोन डोंगरांमधल्या अरुंद जागेला मात्र ‘अडथळा बिंदू’ वगैरे नको, खिंड म्हणा. खिंड लढवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल टाकलं की आपली चाल तिथेच संपते, त्याला ‘वचक’: त्या सैनिकाचा भोवतालच्या सहा घरांवर वचक आहे.

एक प्रश्न उरतो. ‘युनिट’ला काय? सोंगटी निर्जीव वाटते, मोहरा म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या हातचा वाटतो.

टाळकरी (पेडणे)

गडी. कबड्डीत, खो-खोत गडीच असतो. ‘माझे चार गडी उरले’ हे बोलताना किती सहज येतं.

कुळागर (साखळी)

गडी पक्का. पण कबड्डीचं ‘बाद’ त्याच्यामागे लावू नये. कबड्डीत बाद झालेला गडी परत मैदानात येतो. वेसनॉथमध्ये मेलेला परत येत नाही. जगलेल्यांनाच २० सोन्याची नाणी देऊन पुढच्या लढाईत बोलावता येतं. ‘सिंहासनाचा वारस’ या मोहिमेत पहिल्या लढाईपासून सोबत आलेला एल्फ तिरंदाज शेवटाकडे गेला तर पोटात तुटतं, आणि त्याची जागा नवा भरती केलेला गडी भरून काढत नाही. अशा गड्याला बाद झाला म्हणवत नाही. बखरींपासून चालत आलेला शब्द आहे: कामी आला. मी तोच लिहिणार. ‘बाराव्या फेरीत, दुसऱ्या पहाऱ्याला, माझा तिरंदाज कामी आला.’